आजीला नाटक दाखवायचंय ना, मग हे वाच

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज दोनदा वाचला. आजी, आई-बाबा, दोन्ही काका-काकू, मामा, आत्या आणि पाच भावंडं, म्हणजे तुला धरून चौदा माणसं. कुडाळहून सगळ्यांना आणायचं, मुंबईत नाटक दाखवायचं आणि तेही पहिल्या बोनसमधून. वाचून फार बरं वाटलं. बँकेत असताना करमणूक मंडळाच्या नाटकाच्या सहली वीसेक वर्षं माझ्याकडेच होत्या. घरच्यांना घेऊन गेले ते वेगळंच. फोनवर सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

तू यादी पाठवली आहेस: शनिवारी सकाळी उतरायचं, लगेच सिद्धिविनायक, मग राणीची बाग, संध्याकाळी गेटवे, रविवारी सकाळी महालक्ष्मी, दुपारी नाटक. या यादीत नाटक सगळ्यात शेवटी आलंय, आणि रविवारी दुपारी चारपर्यंत आजीचे गुडघे आणि काकांची कंबर यांचं काय झालेलं असेल ते बघ. थकलेला माणूस काळोखात, गार हवेत, मऊ खुर्चीत बसला की दहा मिनिटांत डोळे मिटतो. मी हे किती जणांचं पाहिलंय! नाटक वाईट नसतं, माणूस दमलेला असतो. नाटकासाठी आणते आहेस ना, मग नाटक आधी मांड आणि बाकीचं त्याच्या आजूबाजूला बसेल तेवढंच ठेव. शनिवारी सिद्धिविनायक पुरे. भावंडांना गेटवे बघायचा असेल तर त्यांना त्यांचं जाऊ दे.

आता सगळ्यात अडचणीची गोष्ट. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024 पर्यंत 120 दिवस होतं). तुतारी एक्सप्रेसची चौदा बर्थ एकत्र हवी असतील तर पहिल्याच दिवशी बसावं लागेल. पण मराठी नाटकाचा प्रयोग कुठे, कधी, हे लोकांना कळतं ते आठवडा-दोन आठवडे आधी. त्यामुळे गाडीची तिकिटं काढताना कुठलं नाटक बघणार हे तुला माहीत नसणार, आणि तसंच असू दे. घरी सांगताना नाटकाचं नाव घेऊच नकोस. ‘रविवारी दुपारी नाटक बघायचंय’ एवढंच सांग. एकदा नाव सांगितलं की आत्या गावभर सांगणार, आणि त्या रविवारी तो प्रयोग पुण्याला असला की तुझ्या तोंडचं पाणी पळेल. शनिवार-रविवारी मुंबईत दुपारचे प्रयोग असतातच, त्याची काळजी नको. सहल पावसाळ्यात ठेवलीस तर कोकण रेल्वेच्या गाड्यांच्या वेळा बदलतात, तेही धरून चल. मला विचारशील तर दिवाळीनंतरचा एखादा रविवार घे. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, त्या सुमाराला नाटकांची रेलचेल असते.

परतीच्या तिकिटात एक खोच आहे. दादरहून तुतारी मध्यरात्र उलटल्यावर सुटते. म्हणजे रविवारी नाटक बघून रात्री निघायचं तर तिकीट सोमवारच्या तारखेचं काढायचं. रविवारच्या तारखेचं काढलंस तर ती गाडी शनिवारी रात्रीच निघून गेलेली असेल. चौदा माणसं, एवढं सामान आणि हातात कालचं तिकीट! ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही होते. तिकीट काढलंस की मला फोटो पाठव, मी तारीख बघते.

नाट्यगृह कुठलं ते रात्री माणसं कुठे परतणार यावरून ठरव. तुमची माणसं लालबागला काकांच्या चाळीत आणि परळला मावशीकडे वाटून राहणार म्हणालीस, मग दादरचं शिवाजी मंदिर सगळ्यात सोयीचं. 1965 सालचं आहे ते. कोकणातून आलेल्या गिरणगावातल्या माणसांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नाटकं पाहिलीत, तुझ्या काकांच्या वडिलांनीही पाहिली असतील, विचार त्यांना. माटुंग्याचं यशवंत किंवा प्रभादेवीचं रवींद्रही जवळच. विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं ठाकरे, ठाण्याचं गडकरी ही सगळी चांगली आहेत, पण तुमच्यासाठी लांबची. एक ध्यानात ठेव, दादर-लालबागला रिक्षा नाहीत, टॅक्सीच. एका काळीपिवळीत चार जण, म्हणजे चार टॅक्स्या, आणि प्रत्येकीत दादर माहीत असलेला एक माणूस हवा. सगळ्यांना ‘प्लाझासमोर’ एवढंच सांग. प्लाझा सिनेमा प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक असतो आणि शिवाजी मंदिर अगदी समोर आहे. रविवारी मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी लोकल गाड्या बंद किंवा कमी), म्हणून कुणी ‘लोकलने दोन स्टेशनं तर आहेत’ म्हणालं तरी म्हाताऱ्यांना त्यात घालू नकोस.

आता जागा. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

माझे वडील गिरगावचे. तिथल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून त्यांनी तरुणपणी नाटकं पाहिली होती. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, पण घरात ते कधी बोलून दाखवत नसत. मी त्यांना एका गाजलेल्या नाटकाला नेलं. तिकिटं उशिरा काढली, बाल्कनीत मागे मिळाली. नाट्यगृह कुठलं ते सांगत नाही, दोष माझाच होता. दोन-अडीच तास ते बसले. लोक हसले की तेही हसत होते, टाळ्या वाजवत होते, मध्यंतरात वडा खाल्ला, ‘छान चाललंय’ म्हणाले. घरी येताना टॅक्सीत माझा हात धरून हळूच विचारलं, ‘त्या मुलीचं शेवटी काय झालं गं?’ ती मुलगी पहिल्या अंकातच घर सोडून गेली होती. सगळं नाटक त्याच्यावरच होतं. त्यांना पहिल्या अंकापासून काही ऐकूच आलं नव्हतं, आणि माझा हिरमोड होऊ नये म्हणून ते सगळा वेळ हसत बसले होते. त्यानंतर वर्षभरातच ते गेले.

म्हणून सांगते, आजीचं तिकीट आधी आणि बाकी तेरा तिच्या भोवती. प्लॅन उघडला की पहिल्याच दिवशी गाठ. (‘प्लॅन’ म्हणजे जागांचा तक्ता. पूर्वी खिडकीतला माणूस कागदावर पेन्सिलीने फुल्या मारायचा, तेव्हापासून हाच शब्द.) बुकमायशो, तिकिटालय अशी ॲप आहेत, पण चौदा जागांसाठी तू स्वतः खिडकीवर जा. एक तर तिथल्या माणसाला ‘आजी आहे, ऐकायला कमी येतं’ म्हणून सांगता येतं, आणि दुसरं म्हणजे जागा डोळ्यांनी बघता येते. पायऱ्या किती, कठडा कुठल्या हाताला, बायकांचं स्वच्छतागृह आजीच्या रांगेपासून किती लांब, सगळं बघून ये. अगदी पहिली रांग घेऊ नकोस, मान वर करून बसावं लागतं. तिसरी ते सहावी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे मध्येच उठावं लागलं तर कुणाचे पाय तुडवावे लागत नाहीत. तिच्या शेजारी आई नको. आई सारखी ‘बरं आहे ना, पाणी हवंय का’ विचारत राहील आणि दोघींचंही नाटक जाईल. शेजारी तू बस. चौदा जण एका रांगेत बसायचा हट्ट सोड. दोन रांगांत, एकामागे एक सात-सात बसलात तर माणसं जास्त जवळ राहतात.

पैशांचं एकदाच बोल. पुढच्या रांगेचं तिकीट पाचशेच्या आसपास धरलं तर चौदा जणांचे 7,000 होतात. ते तू देणार आहेस, हे सगळ्यांना आधीच सांगून टाक, म्हणजे मामांना तिकीट खिडकीशी खिसा चाचपायची वेळ येणार नाही. टॅक्सीचे पैसे मात्र काकांना देऊ दे. त्यांनाही काहीतरी द्यायचं असतं.

नाटक कुठलं? भावंडांना बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) नव्या कल्चरल सेंटरमधला मोठा शो हवाय म्हणतेस. 2023 ला सुरू झालेलं ते दोन हजार खुर्च्यांचं भव्य थिएटर आहे, पोरांनी जरूर बघावं, पण वेगळ्या दिवशी, आपलं आपण. जुहूचं पृथ्वीही त्यांना दाखव. 1978 सालचं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, नट हाताच्या अंतरावर असतो. तिथे उशीर झाला की आत घेत नाहीत, म्हणून तर चौदा जणांना घेऊन तिथे जायचं नाही.

आजीसाठी मालिकेतला ओळखीचा चेहरा असलेलं नाटक घे, त्यात कमीपणा मानू नकोस. रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसणारा माणूस समोर उभा राहून खरा घाम गाळतो, हे बघण्यात मोठा आनंद आहे. मालवणी नाटकाचा प्रयोग त्या रविवारी असला तर मग विचारच करू नकोस. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोली मुंबईच्या रंगमंचावर आणली तेव्हा याच दादर-परळमधली तुमच्याकडची माणसं आपली भाषा ऐकायला रांगा लावून उभी राहिली होती.

एक गोष्ट तुझ्या मेसेजमध्ये मला खटकली. तू लिहिलंस, ‘आजीने कधी नाटक पाहिलेलंच नाही.’ अगं, तिने जन्मभर दशावतार पाहिलाय! जत्रेत रात्रभर, गोणपाटावर बसून, पहाटेपर्यंत. आधी गणपतीचं सोंग, मग संकासूर राक्षसाचं, मग आख्यान. पेट्रोमॅक्सच्या उजेडात कुठल्या पार्टीचा (नाटकमंडळीचा) राजा चांगला आणि कुणाची स्त्रीभूमिका खरी बाईसारखी, हे ती तुला अजून सांगेल. दशावतारी नटाला लिहिलेलं नाटक नसतं, तो तिथेच संवाद रचतो, आणि ते तिने शेकडो वेळा ऐकलंय. चौदा जणांत नाटकाची सगळ्यात जाणकार तीच आहे. तिला नवीन असणार ती एवढीच गोष्ट, की इथे काळोख करतात, कुणी बोलत नाही आणि खेळ अडीच तासांत आटपतो. तेवढं सांगून ठेव. घंटांचंही सांग, तिसरी झाली की पडदा वर जातो. मध्यंतरात तिला विचार, ‘आजी, तुला कोण आवडला?’ आणि मग तू गप्प बसून ऐक.

शाल घे. मुंबईत शाल कशाला, असं काकू म्हणतील, पण नाट्यगृहातला एसी दुसऱ्या अंकात हाडात शिरतो. सगळ्यांचे फोन बाहेरच, आत शिरण्याआधी, तू स्वतः हातात घेऊन बंद कर. काका ‘सायलेंट केलाय’ म्हणतील, तरी बघ. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं असतं. बटाटेवडे आणायला दोन भावंडांना पडदा पडताच पिटाळ आणि आजीला स्वच्छतागृहाकडे तू ने, कारण बायकांची रांग वड्याच्या रांगेपेक्षा मोठी असते. धाकट्या काकूंचा तीन वर्षांचा मुलगा आहे ना? त्याला घेऊन बाहेर बसायला कोण, ते आधीच ठरव. पहिल्या अंकात काका, दुसऱ्यात काकू, अशी वाटणी कर. नाहीतर काकूच दोन्ही अंक बाहेर काढतील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

रविवारी जेवण दुपारी साडेबारालाच उरका, साधं, वरणभात. जड जेवून गेलात तर पुन्हा झोपेचीच गोष्ट. तीनला घर सोडा. टिळक पुलावर गाडी अडकली तरी साडेतीनला पोहोचाल. लालबागहून निघण्याआधी जमलं तर सकाळी कुणाला तरी दादरच्या फूलबाजारात धाड आणि बायकांसाठी गजरे आण. आजीसाठी अबोलीचा मिळतो का बघ. पूर्वी बायका नाटकाला गजऱ्याशिवाय जात नसत. पहिली घंटा झाली की अख्ख्या नाट्यगृहात तो वास भरून राहिलेला असायचा.

नाटक संपल्यावर सेल्फीसाठी आत रंगपटात जायची घाई करू नकोस. भावंडं जाऊ देत. आजीला खुर्चीत बसून राहू दे, गर्दी ओसरू दे, मग हळूहळू उतरा. घरी जाऊन जेवा, म्हाताऱ्यांना दोन तास आडवं पडू दे. अकराला दादर गाठलंत तरी पुष्कळ झालं.

आरक्षण उघडायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिही आणि आदल्या संध्याकाळी मला फोन कर. त्या रविवारी साडेतीनला मी शिवाजी मंदिरच्या पायऱ्यांशी उभी असेन. तिकीट माझं मी काढेन, तुमच्या मागच्या रांगेत कुठेही चालेल. संकासुराच्या गोष्टी आजींच्या तोंडून ऐकायच्या आहेत मला.

तुझी,
ताई