अनुभव नसताना बायोडेटात काय लिहावे?

प्रश्न : मी १७ वर्षांचा असून नुकतीच बारावीची परीक्षा दिली आहे. सुट्टीत पुस्तकांच्या दुकानात काम करण्याचा विचार आहे. दुकानदाराने बायोडेटा मागितला; पण अनुभव म्हणून लिहिण्यासारखे माझ्याकडे काहीच नाही. काय करावे?

उत्तर : अनुभवाचा रकाना काढून त्या जागी ‘केलेली कामे’ असे लिहावे. गणेशोत्सवात मंडळाचा हिशेब सांभाळला असेल, तर ‘मंडळात सहभाग’ असे मोघम न लिहिता ‘वर्गणीच्या पावत्या फाडणे व रोजचा जमाखर्च वहीत उतरवणे’ असे लिहावे. कारण गल्ल्याजवळ उभ्या करायच्या मुलाकडून दुकानदाराला नेमके हेच हवे असते. एमएस-सीआयटी किंवा मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची शासकीय परीक्षा उत्तीर्ण असाल, तर वर्षासह नोंद करावी. दहावीचे गुण द्यावेत. बारावीपुढे ‘निकाल प्रतीक्षेत’ एवढे पुरे. जन्मतारीख खरीच द्यावी. १४ ते १८ वयोगटातील मुलांना धोकादायक उद्योगांत कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. पुस्तकांचे दुकान त्यांत मोडत नसले, तरी वय लपवल्यास दुकानदारही अडचणीत येऊ शकतो.

सायबर कॅफेत मिळणारा तयार नमुना मुळीच घेऊ नये. त्यात पुष्कळदा लग्नाच्या स्थळासारखी जात आणि उंचीही विचारलेली असते. आधार क्रमांक लिहिण्याचेही कारण नाही. सर्व मजकूर एका पानात बसवून, कोणत्या महिन्यापर्यंत आणि दिवसाच्या कोणत्या वेळेत येऊ शकाल, हे मोबाइल क्रमांकाखालीच स्पष्ट लिहावे.