भावा, आधी गादीकडं बघ

झोप नीट लागावी म्हणून झोपायची सगळी खोली एका रविवारात उपसायची ठरवलीस ना, तीच पहिली चूक. अर्ध्यात दमशील आणि पसारा पलंगावरच राहील. सुरुवात अंथरुणापासून कर.

चादर आणि उशीची खोळ दर आठवड्याला गरम पाण्यात धू. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगणारे धुळीतले सूक्ष्म किडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मरतात. ॲलर्जी असेल तर त्यांच्यामुळं नाक चोंदतं आणि रात्री झोपमोड होते. दमट हवेत ते फोफावतात, आणि कोल्हापूरचा पावसाळा तुला माहीतच आहे. उघडीप मिळाली की गादी गच्चीवर टाक, दोन्ही बाजूंनी ऊन दे. ओले कपडे मात्र झोपायच्या खोलीत वाळत घालू नकोस. पावसात ही चूक आपल्याकडं घरोघरी होते.

मग एवढंच:
- पंख्याची पाती ओल्या फडक्यानं पूस, आणि तेही केर काढण्याआधी.
- पलंगाखालच्या ट्रंका हलवून तिथली धूळ काढ.
- मोबाईलचा चार्जर दुसऱ्या खोलीत ने, म्हणजे फोन उशाशी राहणार नाही.

झोपायच्या तोंडावर झाडू हातात घेऊ नकोस, उडालेली धूळ बराच वेळ हवेत राहते. सकाळीच झाड. पडदे, कपाट, माळा नंतर बघू. या आठवड्यात अंथरूण आणि पंखा, सहज जमेल तुला.