स्टीमपंक नायिका लिहितेयस? आधी तिचं मशीन समजून घे
अगं, गॉगल आणि पितळी गिअर चिकटवले की स्टीमपंक झालं असं नसतं. स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जगातल्या विज्ञानकथा. हा शब्द १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने काढला, पण त्यामागचं जग व्हिक्टोरियन इंग्लंडचं, कोळशाचं नि वाफेचं. तुझी नायिका इन्व्हेंटर आहे ना, मग एडा लव्हलेस ही इंग्रज गणितज्ञ वाच, १८४३ मध्ये तिने चार्ल्स बॅबेजच्या अ‍ॅनालिटिकल इंजिनवर (म्हणजे गणितं करणाऱ्या यांत्रिक कॉम्प्युटरवर) नोट्स लिहिल्या, त्यात बर्नूली नंबर (गणितातली एक संख्यामालिका) काढायची पायरी-पायरीने रीत दिलीय, आणि ते इंजिन पूर्ण बनलंच नाही! बनलं असतं तर? मला हीच जागा सगळ्यात भारी वाटते, तिथूनच सुरू कर. आणि तिला काम करताना दाखव, बॉयलरचं प्रेशर चढतंय, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकलाय, नखांत ग्रीस, ती घाईघाईत पाना शोधतेय. कपड्यांचं नंतर बघू.