पान ११२

"मॅडम, पूर्वी मी खूप वाचायचे. आता दोन पानं झाली की वाटतं, मुलांच्या वाट्याचा वेळ खातेय." शब्द थोडे इकडेतिकडे, पण हे इतक्या आयांकडून ऐकलंय की त्यापुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "घर, अभ्यास, आजारपणं, वाढदिवस... उरतंच काय?" म्हणून त्यातल्या एकीची ही हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदललेत, समुपदेशनाच्या सात-आठ भेटींमधलं निवडक तेवढंच ठेवलंय.

मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. ती आली होती चिडचिड वाढली म्हणून. मुलाचा वाढदिवस महिन्यावर आलेला आणि पर्समध्ये चारपानी यादी: फुगे, खेळ, बक्षिसं, कोणाला बोलवायचं, नाही बोलवलं तर कोण रुसेल. निकाल वाचावा तशा आवाजात तिने ती मला वाचून दाखवली.

"शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंत?"

"मुलांना शिस्त कशी लावावी, त्यावरचं. पेन्सिलने खुणा करत."

"आणि ज्याचा काही उपयोग नाही असं?"

ती हसली. मग गप्प झाली.

इथे माझं चुकलं, ते सांगून टाकते. घाईने सल्ला दिला: रोज पंधरा मिनिटं वाचा, फक्त स्वतःसाठी. पुढच्या भेटीत तिने यादी काढली. सगळ्यात खाली 'वाचन, १५ मि.' आणि समोर सात दिवसांच्या सात फुल्या. मोकळीक द्यायला गेले आणि नापास व्हायला आणखी एक विषय देऊन बसले. इतक्या वर्षांच्या कामानंतरही असं होतं.

मग म्हटलं, सल्ला राहू दे. अर्धवट राहिलेलं पुस्तक असेल तर घेऊन या.

आणली ती एक जाडजूड कादंबरी. पान ११२ वर खूण म्हणून मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाचं निमंत्रणपत्र. एका कोपऱ्यावर जांभळ्या खडूची रेघ, ओढणारा कोण ते उघड होतं. "त्या तयारीत खाली ठेवलं," ती म्हणाली. म्हणजे सहा वर्षं झाली.

मी विचारलं, "तुमची आई वाचायची?"

"दुपारी. भिंतीला टेकून, पाय लांब करून. मी तिच्या पायाशी भातुकली मांडायचे. काही विचारलं तर 'हं' म्हणायची, पान संपेपर्यंत."

"एकटं वाटायचं?"

"छे! उलट..." ती बराच वेळ थांबली. "पान उलटल्याचा आवाज यायचा ना. तिकडे न बघताही कळायचं, आई आहे."

"आणि तुमचे वाढदिवस?"

"फोटो आहेत. आठवत फारसे नाहीत."

ती त्या निमंत्रणपत्राकडे बघत राहिली आणि डोळे भरून आले. "म्हणजे मी मुलांना ती दुपार दिलीच नाही."

"थांबा," मी म्हटलं, "हे आता यादीत लिहू नका." त्यावर आम्ही दोघी मनापासून हसलो. खरं काम तिथून सुरू झालं.

डोनाल्ड विनिकॉट हे मुळात बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाले. त्यांची 'पुरेशी चांगली आई', म्हणजे परिपूर्ण नसली तरी मुलाला पुरेशी असणारी, सगळे सांगतात. मला मात्र १९५८ साली छापून आलेला त्यांचा दुसरा विचार जास्त कामाचा वाटतो. मूल एकटं राहायला शिकतं ते आई जवळ असताना. ती त्याच्या खेळात नाही, पण हाकेच्या अंतरावर आहे. त्या भरवशावर ते स्वतःत रमतं. वाचणारी आई नेमकी तशी असते. हा धागा माझ्या खोलीत आजवर अनेकींच्या हाती लागलाय, आणि खरं सांगायचं तर दरवेळी मला थोडा अभिमानही वाटतो.

पण जवळ बसून वाचायचं, लपून नाही. फोनवर वाचणारी आई गोष्ट वाचतेय की निरोप, हे मुलाला कळत नाही. कागदाचं पुस्तक दिसतं. मधे हाक आली तर 'एवढा परिच्छेद संपवते' म्हणा, आणि तो संपला की खरोखर वर बघा. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. त्यावरच पुढचा परिच्छेद मिळतो. तान्हं बाळ असेल तर एवढंही जमणार नाही, तेव्हा आपल्याला दोष देऊ नका. आणि कृपा करून 'मुलांना वाचनाची गोडी लागावी' म्हणून वाचू नका. लागली तर लागली. त्या हेतूने वाचलेली कादंबरीही पुन्हा पेन्सिलचंच पुस्तक होते.

वाढदिवसाबद्दल एवढंच सांगते: बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाचा थाट आपल्यासाठी असतो. हौस असेल तर जरूर करा, मुलाचं देणं फेडतोय असं समजून नको. मूल बोलतं झालं की त्यालाच विचारा. आपल्या यादीतलं निम्मं त्याने मागितलेलंच नसतं.

एक मात्र बघा. पुस्तकच नव्हे, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नाही, झोप-भूक बिघडलीय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर प्रश्न वेळेचा नाही. डॉक्टरांना दाखवा.

शेवटच्या भेटीला ती आली ती मुलाच्या वाढदिवसानंतर. यादी एका पानावर आली होती, निमंत्रणं मुलाने स्वतः लिहिली होती. कादंबरी तिने पहिल्यापासून सुरू केली होती, कारण पात्रंच विसरली होती. "पान ६४," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्यापुढे उघडलं. खुणेला नवं निमंत्रणपत्र होतं. 'वाढदीवसाला नक्की या.' दी दीर्घ.

"दुरुस्त नाही केलंत?"

"मी वाचत होते तेव्हा," ती म्हणाली.