सहा महिने ‘पेंडिंग’: सिकलसेलच्या रुग्णाचं यूडीआयडी कार्ड नेमकं कुठे अडतं

“मॅडम, सहा महिने झाले, पोर्टल पेंडिंगच दाखवून राहिलं. आता काही मिळत नाही ना?”

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली, तीन घरची धुणीभांडी करणारी आई मुलाच्या यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, हा प्रश्न घेऊन आली होती. सोबत सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेला तेवीस वर्षांचा मुलगा, डाव्या पायावर भार येऊ नये म्हणून खुर्चीच्या कडेला बसलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकापेक्षा जास्त घरांचे अनुभव इथे एकत्र आले आहेत.) आई बोलत होती तोवर तो गप्प होता. मग एवढंच म्हणाला, “मी अपंग नाही. मला कधीकधी दुखते, एवढंच.”

अर्ज आधी इथे अडलेला असतो, पोर्टलवर नंतर. मुलाला दिव्यांग म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून पावती घेऊन तो रुग्णालयात गेलाच नव्हता. आईला वाटत होतं, फॉर्म भरला की कार्ड घरी येतं. ‘पेंडिंग’चा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की तपासणी व्हायची आहे, आणि तपासणीसाठी आपण जायचं असतं. तिकडून बोलावणं येईल या आशेवर कित्येक घरं वर्ष घालवतात. २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे, आणि दोन वर्षं निर्णयाविना पडून राहिलेला अर्ज निष्क्रिय होतो. या मायलेकाचा अर्ज जिवंत होता. आईला पहिल्यांदा हेच सांगितलं.

मुलाशी बोलायला दोन भेटी लागल्या. सिकलसेलचं दुखणं बाहेरून दिसत नाही. चार दिवस कळा सोसून पाचव्या दिवशी कामावर गेलेल्या पोराला लोक धडधाकटच समजतात, आणि त्यालाही तसंच समजलेलं हवं असतं. त्याच्या मनाविरुद्ध कागद पुढे ढकलायचे नाहीत, असं आईच्या समोरच ठरवलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यात आहेत. तो दुबळा आहे असं कायदा म्हणत नाही. या आजारामुळे त्याची अडवणूक होते आणि तिची भरपाई मागायचा त्याला हक्क आहे, एवढंच त्यात आहे.

आईची भीती वेगळी होती. “शिक्का बसला तर लग्न कसं जमन?” कार्ड आपण दाखवल्याशिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळत नाही, हे सांगितलं. लग्नाचा खरा प्रश्न कार्डात नाही, रक्तात आहे, हेही स्पष्ट बोललो. मुलगा एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण आहे. जोडीदार पूर्ण निरोगी म्हणजे एए असेल, तर सगळी मुलं वाहक होतील, आजारी कोणी होणार नाही. जोडीदार वाहक म्हणजे एएस असेल, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता निम्मी. म्हणून सोयरिकीआधी समोरच्या घरी रक्ततपासणीचं बोलायचं. आमच्या विदर्भात तर हे उघडपणे बोललंच पाहिजे.

मग कागद पाहिले. फॉर्म वस्तीतल्या नेट कॅफेत भरला होता आणि तिथे नेहमीच्या तीन चुका सापडल्या.

मोबाईल नंबर कॅफेवाल्याचा होता, त्यामुळे सगळे ओटीपी आणि मेसेज त्याच्याकडे जात होते. त्याच आधारवर दुसरा फॉर्म भरायच्या फंदात पडायचं नाही, गुंता वाढतो. पावतीवरचा नोंदणी क्रमांक आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या यूडीआयडी कक्षातून नंबर बदलून घेतला. या अर्जाला सरकारी शुल्क नाही. कॅफेवाला घेतो ते टायपिंगचे पैसे.

दुसरी चूक नावाची. आधारवर वडिलांचं नाव मधे, टीसीवर आडनाव आधी, बँकेत वडिलांचं नावच नाही. कार्ड आधारवरच्या नावानं निघतं आणि पुढे तेच नाव तहसीलमध्ये व बँकेत जुळावं लागतं. म्हणून आधी आधार दुरुस्त करून घ्यायचं, मग बाकीचं. उलट क्रमानं गेलं की प्रत्येक ठिकाणी दुरुस्तीचा नवा अर्ज करावा लागतो.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडली असती. दिव्यांगत्वाच्या प्रकारात फक्त ‘सिकलसेल’ निवडलं होतं. पण तो ज्या पायावर भार देत नव्हता, त्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला होता. सिकलसेलमध्ये हे वारंवार होतं. फाइलमध्ये एमआरआय पडून होता आणि फॉर्मवर अस्थिव्यंगाचा उल्लेखच नव्हता. दोन्हींचे दिव्यांगत्वाचे टक्के मिळतीलच असं नाही, ते रुग्णालयातलं वैद्यकीय बोर्ड ठरवतं. पण प्रकार नोंदवलाच नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं कारणच उरत नाही. तो प्रकारही जोडून घेतला.

दोन प्रकारांचे टक्के सरळ बेरजेनं धरत नाहीत. मोठा आकडा जसाच्या तसा घेतात. तो ९० मधून वजा करून जे उरतं, त्याला लहान आकड्यानं गुणून ९० नं भागतात आणि आलेला आकडा मोठ्यात मिळवतात. समजा खुब्याचे ४० आणि सिकलसेलचे २५ मिळाले, तर एकूण ६५ नाही, सुमारे ५४ होतात. बोर्डानं टक्के कापले असं वाटून भांडायला निघालेली माणसं असतात, त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवावं लागतं. ४० च्या खाली पांढरं कार्ड, ४० पासून ८० च्या आतपर्यंत पिवळं आणि ८० किंवा जास्त असेल तर निळं. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत, अस्थिव्यंग आहे. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के जागा मात्र ४० किंवा जास्त टक्के असलेल्या सर्वांसाठी आहेत. हे ऐकून मुलगा पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसला आणि स्पर्धा परीक्षेबद्दल विचारू लागला.

तपासणीच्या दिवशी न्यायची फाइल वेगळी लावली. सगळ्यात वर एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट. त्यांच्याकडे फक्त सोल्युबिलिटी चाचणीची चिठ्ठी होती. ती चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे इतकंच सांगते, वाहक की रुग्ण हा फरक करत नाही, म्हणून एचपीएलसी करून आणायला सांगितलं. त्याखाली भरती झाल्याची डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार, रक्त चढवल्याच्या नोंदी, खुब्याचा एक्स-रे आणि एमआरआय. नागपुरात मेडिकल असो की मेयो, ही दोन्ही सरकारी रुग्णालयं, बोर्डाचा दिवस आधी विचारून जायचं आणि त्या दिवसाची रोजी बुडणार हे धरून चालायचं. “दुखतं” एवढं सांगून बसायचं नाही. वर्षातून किती वेळा भरती झालास, किती दिवस काम बुडालं, जिना चढताना काय होतं, हे मुलानं एका कागदावर लिहून नेलं. टक्के पटले नाहीत तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं, हेही त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

पिवळं कार्ड मिळालं. पोर्टलवरून ई-कार्ड उतरवून घेतलं, छापील कार्डाची वाट पाहिली नाही. पुढच्याच आठवड्यात आईचा फोन आला, “पैसे काही आले नाही जी.”

कार्डानं आपोआप पैसे येत नाहीत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज वेगळा, तो तहसीलकडे जातो: वय १८ ते ६५, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचा रहिवास, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० पर्यंत. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दरमहा २,५०० रुपये आहेत. या योजनेत सिकलसेलग्रस्त म्हणूनही बसता येतं, पण मग उत्पन्नाची मर्यादा २१,००० ची आणि रक्कम १,५०० ची. आईच्या कामाचे वर्षाचे बेचाळीस हजार होत होते. म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नसतं तर अर्ज दारातच अडला असता. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून काढला.

आणि बँक. पासबुकाला आधार ‘जोडलंय’ म्हणून भागत नाही. सरकारी अनुदानासाठी कोणतं खातं आधारशी सीड झालंय, म्हणजे पैसे कोणत्या खात्यात पडणार, ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं. मुलाचं सीडिंग एका जुन्या, बंद पडलेल्या खात्यावर होतं. बँकेत संमतीपत्र देऊन ते बदललं. हे राहिलं असतं तर अनुदान मंजूर होऊनही हातात काही आलं नसतं.

त्याचं प्रमाणपत्र मुदतीचं आहे. संपायची तारीख त्यानं मोबाईलमध्ये चार महिने आधीच्या गजरासकट टाकून ठेवली आणि आईला म्हणाला, “या खेपेला फॉर्म मी भरतो.”