चवथीला रंगवलेली भिंत

प्रश्न : डिचोलीला आमचं जुनं चिऱ्यांचं घर आहे. गेल्या वर्षी चवथीच्या आठ दिवस आधी गणपतीची खोली पुट्टी मारून इमल्शनने रंगवली. दिवाळीपर्यंत जमिनीपासून गुडघाभर उंचीवर फुगे आले, पांढरी भुकटी दिसू लागली. वर कोपऱ्यात काळे ठिपकेही आहेत. रंगारी म्हणतो डबा खराब, दुकानदार म्हणतो काम खराब. खरं कोणाचं? – एक वाचक

उत्तर : ताई, ब्लेडने एक फुगा कापा आणि सुटलेला पापुद्रा उलटा करून बघा. मागे पुट्टी चिकटून आली असेल आणि खालचं गिलाव काळपट, हाताला थंड लागत असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. पापुद्रा स्वच्छ सुटला आणि खालचा जुना डिस्टेंपर बोटाला लागला, तर रंगाऱ्याने नीट खरवडलं नाही, हे मी रंगारी असूनच सांगतो.

भुकटीवर ओलं बोट फिरवा. विरघळली आणि वाळल्यावर पुन्हा उमटली तर तो लोणा. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात. तळहाताला रंगाचीच पूड लागते तो प्रकार निराळा, तो उन्हातल्या बाहेरच्या भिंतींचा. काळ्या ठिपक्यावर ब्लीचचा बोळा टेकवा. मिनिटा-दोन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, नाही तर मळ. बुरशीवर रंग मारू नका, ती वर येतेच.

गुडघाभर उंची वाचूनच मला जमिनीतल्या ओलीचा संशय आला. चिरा सच्छिद्र, पाणी वर ओढतो. जुन्या घरांना चुन्याचं गिलाव असायचं, त्यातून ओल उडून जायची. इमल्शनचा थर ती सहज सोडत नाही, मग पाणी त्यालाच उचलतं. त्यात ऑगस्टमध्ये भिंत कुठली वाळलेली असणार! दरवर्षी चवथीच्या तोंडावर लोक घाई करतात आणि मला हात जोडून नाही म्हणावं लागतं.

खात्रीसाठी वीतभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दोन दिवस ठेवा. थेंब आतून जमले तर ओल भिंतीची, बाहेरून जमले तर खोलीतल्या हवेची.

यंदा चवथीला भिंत तशीच राहू द्या, सैल पापुद्रे तेवढे काढा. फेब्रुवारीत ओला भाग गिलावापर्यंत खरवडा, मेपर्यंत उघडा ठेवा. प्लास्टिकखाली थेंब येईनासे झाले की चुना मारा. इमल्शन त्या भागाला पुन्हा नको.