मैदानातला दंगा आणि कायदा: वाचकांचे प्रश्न

तालुक्याच्या गावी फुटबॉलची फायनल झाली, की जळगावच्या माझ्या ऑफिसात आठवडाभर तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाच उत्तरे देतो.

पंचाच्या अंगावर बाटली फेकली तर गुन्हा होतो का? (अमळनेर)

होतो.

एजन्सीवाला म्हणतो, बाउन्सर घ्या, पोलिसांची गरज नाही. (धुळे)

त्याला बाउन्सर खपवायचे आहेत. आधी त्याचा परवाना बघा. बाउन्सरला गर्दी पांगवायचा अधिकार नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा घडला तर तो माणसाला धरू शकतो, पण 6 तासांच्या आत पोलिसांकडे द्यावे लागते. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर 16 ऑगस्ट 1980 ला फुटबॉल सामन्यातल्या दंग्यात 16 जणांचा जीव गेला, हे आयोजकांनी विसरू नये. बंदोबस्ताचा अर्ज आधीच द्या. आदल्या रात्री धावपळ नको.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. हाणामारीत त्याचं नाव आलं, तो नुसता उभा होता. लोक म्हणतात, आपसात मिटवलं की केस संपते. (चोपडा)

नाही संपत, ताई. या ऐकीव गोष्टीने खानदेशातल्या किती पोरांची भरती घालवली! दंगलीचा गुन्हा आपसात मिटत नाही. तडजोडीवर रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावं लागतं. जमावात किमान 5 जण आणि समान उद्देश ठरला, की एकाचा मार सगळ्यांच्या नावावर लागतो. नुसती हजेरी पुरेशी नसते, पण ते कोर्टात दाखवावं लागतं. असाच एक मुलगा माझ्यासमोर बसून ‘मी नुसता उभा होतो’ म्हणत होता. त्याच्याच मोबाइलमधल्या व्हिडिओत त्याच्या हातात कुंपणाचा उपटलेला बांबू होता. असा बांबू घातक हत्यार ठरला तर दंगलीची 2 वर्षांपर्यंतची शिक्षा 5 पर्यंत जाते. ‘नाव कमी करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. व्हिडिओ पुसू नका. चारित्र्य पडताळणीत गुन्हा लपवू नका. नोकरीच्या पडताळणीत माहिती लपवण्यावरच्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये खरी माहिती देण्यावर भर दिला आहे. एफआयआरची प्रत घेऊन याच आठवड्यात फौजदारी वकिलाला भेटा.

इंग्लंडसारखी मैदानबंदी इथे का नाही? (भुसावळ)

तिथे कोर्ट दंगेखोराला 3 ते 10 वर्षे सामन्यांपासून लांब ठेवतं, परदेशी सामन्यावेळी पासपोर्टही जमा करून घेतं. आपल्याकडे त्याच्या जवळची म्हणजे तडीपारी, 2 वर्षांपर्यंत. पण ती माणसाला मैदानातून नाही, गावातूनच काढते. स्पर्धेपुरती प्रवेशबंदी हवी तर नियमावलीत लिहा, आणि छापण्याआधी वकिलाला दाखवा.